चाकातील मोटर आणि सेमरिंगचा घाट

बडनेरा : बडनेऱ्याहून अमरावतीकडे जाणारा दहाएक किलोमीटरचा रस्ता तसा सपाटच. वाटेत एखादा उड्डाणपूल आला तर तेवढाच काय तो चढ. त्यामुळे विजेवर चालणारी दुचाकी या रस्त्यावर विनातक्रार धावते आणि पेट्रोलच्या दराने त्रस्त झालेला नोकरदार तिच्यावर खूषही असतो. मात्र हीच गाडी परतवाड्याच्या पुढे, धामणगाव गढीमार्गे चिखलदऱ्याच्या घाटाला लागली आणि त्यातही डबलसीट असली, की चित्र पालटते. वेग चालत्या माणसाइतका खाली येतो. मागील चाकाचा तुंबा हात लावू न देण्याइतका तापतो. काही वेळा गाडी अर्ध्या वाटेत बंदच पडते आणि पेट्रोलच्या गाडीवरून जाणाऱ्यांचे कुतूहलमिश्रित कटाक्ष झेलीत स्वाराला ती ढकलावी लागते.

दोष बॅटरीचा, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक दोष बहुतांशी बॅटरीचा नसतो. ज्या गाड्यांची मोटर चाकाच्या तुंब्यातच बसविलेली असते, त्यांना सपाटीवर जे वरदान ठरते तेच चढावर अडचणीचे होते. हे कोडे काही आजचे नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी एका पत्राकाम करणाऱ्या कारागिराच्या मुलाने हीच मोटर चाकात बसवून ऑस्ट्रियातील एक प्रसिद्ध घाट विक्रमी वेळेत चढून दाखविला होता आणि नंतरची अनेक वर्षे त्याच कोड्याशी झुंज दिली होती. त्याचे नाव फर्डिनांड पोर्शे. महागड्या स्पोर्ट्स कारमुळे हे नाव जगाच्या परिचयाचे झाले. परंतु या अभियंत्याच्या कारकिर्दीचा प्रारंभ पेट्रोलने नव्हे, विजेने झाला, हे अनेकांना ठाऊक नसते.

पत्राकामाच्या दुकानातील मुलगा

फर्डिनांड पोर्शे यांचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ रोजी बोहेमियातील माफर्सडोर्फ या गावी झाला. तेव्हा हा प्रदेश ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होता. आज ते गाव चेक प्रजासत्ताकातील लिबेरेत्स शहराचा भाग असून व्रातिस्लाविस या नावाने ओळखले जाते. वडील अंतोन हे पत्राकाम आणि नळकाम करणारे नामांकित कारागीर होते. थोरला मुलगा कामावर झालेल्या अपघातात दगावल्याने दुकानाचा वारसा फर्डिनांडकडे येणार, हे ठरून गेले होते. त्याप्रमाणे त्याने वडिलांच्या हाताखाली उमेदवारीही सुरू केली.

मुलाचे मन मात्र पत्र्यात रमेना. माफर्सडोर्फमध्ये गिन्झ्काय यांचा गालिच्यांचा मोठा कारखाना होता आणि तेथे विजेचे दिवे लागले होते. त्या दिव्यांनी या मुलाला वेड लावले. दिवसभर दुकानात राबायचे आणि संध्याकाळी जवळच्या रायशेनबर्ग येथील तांत्रिक शाळेत जायचे, असा त्याचा क्रम सुरू झाला. वडिलांना हे विजेचे खूळ पसंत नव्हते. तरीही वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, १८९३ मध्ये त्याने स्वतःच्या घरात विजेचे दिवे लावून दाखविले. त्याच वर्षी तो व्हिएन्नाला गेला आणि बेला एगर यांच्या विद्युत उपकरणांच्या कंपनीत नोकरीस लागला.

पोर्शे यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी कधीच नव्हती. व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठातील व्याख्यानांना ते रीतसर प्रवेश न घेताच जाऊन बसत. कारखान्यात मात्र त्यांची प्रगती झपाट्याने झाली. अवघ्या चार वर्षांत ते चाचणी विभागाचे प्रमुख झाले. पुढे याच व्हिएन्ना विद्यापीठाने १९१७ मध्ये त्यांना सन्माननीय डॉक्टरेट बहाल केली, हा काळाने केलेला न्यायच म्हणावा लागेल.

मोटर थेट चाकात

व्हिएन्नातील लोनर ही राजघराण्यासाठी बग्ग्या बनविणारी जुनी पेढी. तिचे मालक लुडविग लोनर यांना घोड्यांच्या बग्ग्यांचे दिवस सरत आल्याची जाणीव झाली होती. पेट्रोल इंजिनाचा धूर आणि गोंगाट त्यांना रुचत नसल्याने त्यांनी विजेच्या गाडीकडे लक्ष वळविले आणि पोर्शे यांना आपल्याकडे घेतले.

त्या काळी मोटरीची शक्ती चाकापर्यंत नेण्यासाठी साखळ्या, पट्टे किंवा दातेरी चाके वापरीत. यात शक्तीचा बराचसा भाग घर्षणात वाया जाई. मोटर चाकाच्या तुंब्यातच बसविली तर मधला सारा पसारा टळेल, हा विचार पोर्शे यांनी प्रत्यक्षात आणला. ही कल्पना सर्वस्वी त्यांचीच होती, असे मात्र म्हणता येत नाही. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या ऑग्डेन बोल्टन यांना ३१ डिसेंबर १८९५ रोजी मागील चाकात मोटर असलेल्या सायकलीचे पेटंट मिळाले होते. आज आपल्याकडे दिसणाऱ्या हब मोटरच्या सायकलीचे ते मूळ रूप होय. पोर्शे यांचे श्रेय असे, की त्यांनी ही कल्पना कागदावरून रस्त्यावर आणली आणि ती विकण्याजोग्या मोटारगाडीत उतरविली.

एप्रिल १९०० मध्ये पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात लोनर-पोर्शे गाडी मांडण्यात आली. तिच्या पुढील दोन्ही चाकांत प्रत्येकी अडीच अश्वशक्तीची मोटर होती. गाडीला गिअर नव्हते, साखळी नव्हती, क्लच नव्हता. मोटरचे आतील भाग आसाला घट्ट बसविलेले आणि बाहेरचा भाग चाकासह फिरणारा, अशी तिची रचना होती. आजच्या हब मोटरमध्ये कार्बनचे ब्रश नसतात आणि प्रभावी कायमचुंबक असतात, एवढा फरक सोडला तर मूळ मांडणी तीच आहे. या गाडीत ४४ घटांची, सुमारे ४१० किलो वजनाची शिशाची बॅटरी होती. गाडीचे एकूण वजन टनाला थोडेसे कमी भरे आणि एका भारात ती सुमारे पन्नास किलोमीटर जाई. पंचविशीच्या आतील या तरुणाचे नाव प्रदर्शनामुळे युरोपभर झाले.

सेमरिंगची चढाई

व्हिएन्नाच्या नैऋत्येला सेमरिंग नावाचा घाट आहे. मुंबई-पुणेकरांना जसा खंडाळ्याचा घाट, तसा व्हिएन्नाकरांना सेमरिंगचा. कार्ल फॉन गेगा यांनी बांधलेला तेथील रेल्वेमार्ग १८५४ मध्ये सुरू झाला आणि डोंगर चढणाऱ्या रेल्वेचा तो आद्य नमुना मानला जातो. आपल्याकडे भोर घाटातून पहिली गाडी धावली ती त्यानंतर नऊ वर्षांनी, १८६३ मध्ये. अशा या सेमरिंगच्या रस्त्यावर शॉटवीन गावापासून खिंडीपर्यंत दहा किलोमीटरची चढाईची शर्यत होत असे. या दहा किलोमीटरांत रस्ता सुमारे चारशे मीटर उंची गाठतो.

२३ सप्टेंबर १९०० रोजी पोर्शे यांनी चाकात मोटर असलेली आपली गाडी स्वतः चालवीत हा घाट १४ मिनिटे ५२ सेकंदांत पार केला. सरासरी वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास पडतो. विजेच्या गाड्यांसाठी तो विक्रम ठरला. स्वतः बनविलेली गाडी स्वतःच चालवून पाहायची, तीही घाटात, ही सवय त्यांनी पुढे दीर्घकाळ जपली.

या विक्रमाने चाकातील मोटर चढ चढू शकते, हे सिद्ध झाले. परंतु चढाई एकदा होणे आणि रोजच्या वापरात ती होत राहणे, यात मोठे अंतर आहे. ते समजण्यासाठी मोटरच्या अंतरंगात डोकावणे आवश्यक आहे.

मोटर तापते ती का?

चढावर गाडीला किती जोर लागेल, हे दोन गोष्टींवर ठरते : चढ किती तीव्र आहे आणि एकूण वजन किती आहे. समजा, गाडी साठ किलोची आणि तिच्यावरील दोन माणसे मिळून एकशे तीस किलोची. एकूण एकशे नव्वद किलो. शंभर मीटर अंतरात दहा मीटर उंची चढणाऱ्या रस्त्यावर या गाडीला एकोणीस किलोच्या ओझ्याइतका जोर सतत मागे खेचीत असतो. गाडी हळू चालवा की वेगात, हा जोर बदलत नाही. विनानोंदणी, विनापरवाना चालणाऱ्या विजेच्या दुचाकींच्या मोटरला आपल्या नियमांनी अडीचशे वॉटची आणि ताशी पंचवीस किलोमीटरची मर्यादा घातली आहे. अडीचशे वॉटमध्ये हे ओझे जेमतेम ताशी पाच किलोमीटरने वर जाते. पंचवीसच्या वेगाने चढायचे तर सुमारे तेराशे वॉट लागतील आणि यात वारा व टायरचे घर्षण धरलेलेच नाही.

मोटर जो जोर देते तो तिच्यातील विद्युतप्रवाहाच्या प्रमाणात असतो. दुप्पट जोर हवा असेल तर दुप्पट प्रवाह लागतो. तांब्याच्या वेटोळ्यांत निर्माण होणारी उष्णता मात्र दुप्पट होत नाही, ती चौपट होते. तिप्पट जोराला नऊपट. चाकातील मोटरला गिअर नसल्याने ती चाकाइतक्याच संथ गतीने फिरते आणि साऱ्या चढाचा भार तिला केवळ प्रवाहाच्या बळावर पेलावा लागतो. सायकलस्वार चढ लागताच गिअर बदलतो, बैलगाडीवान तिरका रस्ता धरतो. या मोटरला तशी सोय नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. चढ आणि वजन ठरलेले असले की लागणारा प्रवाहही ठरलेला असतो. त्यामुळे गाडी हळू नेली तर मोटरला विसावा मिळतो, ही समजूत बिनगिअरच्या हब मोटरबाबत चुकीची ठरते. हळू जाणारी मोटर दर मिनिटाला तेवढीच तापते आणि घाटात अधिक मिनिटे काढते. शिवाय वारा कमी मिळाल्याने तिची उष्णता बाहेर पडत नाही. गाडी जागच्या जागी थांबली आणि मूठ पिळलेलीच राहिली, तर बॅटरीतून येणाऱ्या सगळ्या विजेची उष्णताच होते. मोटर तिथेच जळते. सेमरिंगचा घाट पंधरा मिनिटांच्या आत संपला, हेही त्या गाडीच्या पथ्यावर पडणारेच होते. मोटर थोडा वेळ आपल्या क्षमतेहून अधिक काम सोसू शकते. तास-दीड तास नाही.

वजनाचा पेच

पोर्शे यांच्यापुढील दुसरी अडचण वजनाची होती. ई. डब्ल्यू. हार्ट या इंग्लंडमधील ग्राहकासाठी १९०० मध्ये त्यांनी चारही चाकांत मोटर असलेली गाडी तयार केली. शक्ती वाढली, तशी बॅटरीही वाढली. केवळ शिशाच्या बॅटरीचेच वजन अठराशे किलो झाले. सपाट रस्त्यावर एकदा गती घेतलेले वजन फारसे जाचत नाही, पण घाटात प्रत्येक किलो मोजून वर न्यावा लागतो. चढासाठी शक्ती हवी, शक्तीसाठी बॅटरी हवी आणि बॅटरीच्या वजनामुळे चढ पुन्हा अवघड, असा हा पेच होता.

त्यातून त्यांनी काढलेला मार्ग काळाच्या कितीतरी पुढचा होता. त्याच सुमारास त्यांनी सेम्पर विवस नावाची गाडी तयार केली. या लॅटिन नावाचा अर्थ सदैव जिवंत. तिच्यात दोन लहान पेट्रोल इंजिने बसविली होती, परंतु ती चाकांना जोडलेली नव्हती. ती डायनामो फिरवीत, डायनामो वीज तयार करी आणि ती वीज चाकांतील मोटरींना व बॅटरीला मिळे. इंजिन आणि मोटर यांची अशी सांगड घालणारी ही जगातील पहिली चालती गाडी मानली जाते. आज हायब्रिड या नावाने जो प्रकार बाजारात मिरविला जातो, त्याचा हा पूर्वज. पुढील मिक्स्ट या मॉडेलमध्ये मोठे इंजिन आणि लहान बॅटरी अशी रचना झाली. १९०२ मध्ये व्हिएन्नाजवळील एक्सेलबर्गच्या चढाईत या गाडीने आपल्या गटात बाजी मारली.

व्यापाराच्या दृष्टीने मात्र हा प्रयोग फार फळला नाही. लोनर-पोर्शे गाड्या सुमारे तीनशेच्या घरात तयार झाल्या असे सांगितले जाते. त्या महाग होत्या, त्यांची देखभाल किचकट होती आणि त्याच काळात पेट्रोलची गाडी स्वस्त व सुटसुटीत होत चालली होती. चाकातील मोटर अग्निशमन दलाच्या बंबांत आणि तारांखालून धावणाऱ्या काही ट्रॉलीबसमध्ये टिकून राहिली. शहरातील ठरलेला, छोटा आणि सपाट मार्ग हे तिचे खरे क्षेत्र असल्याचे त्यावरून दिसून आले.

डोंगरातून तोफा

१९०६ मध्ये पोर्शे वीनर नॉयश्टाट येथील ऑस्ट्रो-डाइमलर कंपनीत तांत्रिक संचालक झाले. तत्पूर्वी १९०३ मध्ये त्यांचा अलोइशिया केस यांच्याशी विवाह झाला होता. कन्या लुईझे हिचा जन्म १९०४ चा. १९ सप्टेंबर १९०९ रोजी पुत्र फेरी याचा जन्म झाला, तेव्हा वडील घरी नव्हते. ते पुन्हा सेमरिंगच्या घाटात शर्यतीला उतरले होते. पुढील वर्षी प्रिन्स हेन्री यांच्या नावाने होणाऱ्या प्रसिद्ध स्पर्धेत ऑस्ट्रो-डाइमलरच्या गाड्यांनी पहिले तिन्ही क्रमांक पटकाविले. विजयी गाडी स्वतः पोर्शे चालवीत होते.

पहिल्या महायुद्धाने त्यांना पुन्हा चाकातील मोटरकडे नेले. ऑस्ट्रियाच्या सैन्याला अवजड तोफा आल्प्सच्या डोंगराळ भागात न्यायच्या होत्या. पुढच्या एका ट्रॅक्टरने मागचे सारे ओझे ओढायचे म्हटले तर चढावर त्याची चाके जागीच फिरत. पोर्शे यांनी पुढील वाहनात पेट्रोल इंजिन व जनित्र ठेवले आणि वीज तारेने मागील प्रत्येक गाडीपर्यंत नेली. ओढल्या जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांतच मोटरी होत्या. त्यामुळे कोणतीही गाडी निव्वळ ओझे राहिली नाही, प्रत्येक चाक आपापला वाटा उचलू लागले. चढावर चाकातील मोटरीचा खरा उपयोग कसा करावा, याचे हे उत्तम उदाहरण होय. एकाच मोटरीवर सारा भार टाकला तर ती जळते, भार अनेक मोटरींत विभागला तर प्रत्येकीच्या वाट्याला येणारी उष्णता आटोक्यात राहते. मात्र या युक्तीने घाटात पोहोचल्या त्या तोफा, हेही विसरता येत नाही.

कीर्ती आणि डाग

महायुद्धानंतर पोर्शे १९२३ मध्ये जर्मनीत श्टुटगार्ट येथे डाइमलर कंपनीत दाखल झाले. तेथे त्यांनी मर्सिडीजच्या गाजलेल्या शर्यतीच्या गाड्या घडविल्या. वरिष्ठांशी न पटल्याने ते तेथून बाहेर पडले, ऑस्ट्रियातील श्टायर कंपनीत थोडा काळ राहिले आणि अखेर एप्रिल १९३१ मध्ये श्टुटगार्टमध्ये त्यांनी स्वतःची संकल्पन कचेरी थाटली. ऑटो युनियनसाठी त्यांनी तयार केलेली सोळा सिलिंडरची गाडी घेऊन हान्स स्टुक याने युरोपातील घाटांच्या शर्यती गाजविल्या.

सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी मोटार बनवावी, हे त्यांचे जुने स्वप्न होते. ते पुरे करण्याची संधी त्यांना दिली ती हिटलरच्या राजवटीने. १९३४ मध्ये त्या गाडीचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले आणि त्यातून पुढे जगप्रसिद्ध फोक्सवॅगन बीटल जन्मास आली. त्याच वर्षी त्यांनी जर्मन नागरिकत्व घेतले आणि १९३७ मध्ये ते नाझी पक्षाचे सभासद झाले. ज्या कारखान्याच्या धुरीणांपैकी ते एक होते, त्या फोक्सवॅगनच्या कारखान्यात युद्धकाळात युद्धकैदी, परदेशांतून धरून आणलेले मजूर आणि छळछावण्यांतील बंदी यांना सक्तीने राबविण्यात आले. पोर्शे यांच्या यंत्रांचे कौतुक करताना या श्रमिकांना वगळणे न्यायाचे होणार नाही. राजकारणाशी आपला संबंध नाही, आपण केवळ यंत्रे बनवितो, अशी भूमिका घेणाऱ्या तंत्रज्ञाचे हात कोठवर मळू शकतात, याचा हा धडा आहे.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी टायगर रणगाड्याचा आपला नमुना तयार केला. त्यातही त्यांनी आपली जुनी कल्पना सोडली नाही. पेट्रोल इंजिने वीज बनविणार आणि विजेच्या मोटरी रणगाड्याचे पट्टे फिरविणार, अशी ती योजना होती. परंतु चाचण्यांत इंजिने तापू लागली, बिघाड होऊ लागले आणि १९४२ मध्ये हेन्शेल कंपनीचा गिअर असलेला साधा नमुना पसंत पडला. तोवर तयार झालेल्या सुमारे नव्वद सांगाड्यांवर तोफा चढवून त्यांना फर्डिनांड हे नाव देण्यात आले. १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईत ती वाहने उतरली. त्यानंतरचा १८८ टनांचा माउस हा रणगाडा तर नमुन्यांच्या पुढे गेलाच नाही.

युद्ध संपल्यावर डिसेंबर १९४५ मध्ये फ्रेंचांनी त्यांना अटक केली. दीड वर्षाहून अधिक काळ ते कैदेत होते. ऑगस्ट १९४७ मध्ये जामिनावर सुटले तेव्हा प्रकृती ढासळली होती. दरम्यान पुत्र फेरी यांनी ऑस्ट्रियातील ग्म्युंड येथे कुटुंबाच्या नावाची पहिली स्पोर्ट्स कार आकारास आणली. ती १९४८ मध्ये रस्त्यावर आली. फर्डिनांड पोर्शे यांचे ३० जानेवारी १९५१ रोजी श्टुटगार्ट येथे निधन झाले.

चंद्रावर आणि घाटावर

चाकातील मोटर त्यांच्यामागे कित्येक वर्षे अडगळीत पडल्यासारखी होती. १९७१ मध्ये अपोलो मोहिमेतील अंतराळवीरांनी चंद्रावर जी गाडी चालविली, तिच्या चारही चाकांत स्वतंत्र मोटर होती. पण त्या अभियंत्यांनी मोटर थेट चाकाला जोडली नाही. मध्ये ऐंशीस एक या प्रमाणाचा गिअर ठेवला. मोटर ऐंशी फेरे घेई तेव्हा चाकाचा एक फेरा होई. त्यामुळे अवघ्या पाव अश्वशक्तीच्या मोटरीही चंद्रावरील उंचसखल भूमी तुडवू शकल्या.

आज सायकलींत मिळणाऱ्या गिअरच्या हब मोटरीत हीच युक्ती छोट्या प्रमाणात केलेली असते. तुंब्याच्या आत छोटी मोटर चाकाच्या सुमारे पाचपट वेगाने फिरते आणि दातेरी चाकांमुळे जोर तेवढ्या पटीने वाढतो. ती हलकी असते आणि चढाला बरी पडते. परंतु तिची दातेरी चाके बहुधा नायलॉनची असतात. सतत अतिभार पडल्यास ती झिजतात. मोटर पायडलापाशी बसविलेल्या सायकलीत मोटरला सायकलीचेच गिअर वापरता येतात. तीव्र घाटासाठी हा प्रकार सर्वांत सरस, मात्र किंमत अधिक आणि साखळीची झीजही अधिक. बिनगिअरची हब मोटर जड असली तरी तिच्यात झिजणारे भाग फार थोडे असतात आणि उतारावर ती उलट वीज निर्माण करून ब्रेकचेही काम करू शकते. एकदिशा क्लच असलेल्या गिअरच्या मोटरीला हे जमत नाही.

घाटातील विजेचा प्रश्न महाराष्ट्राला नवीन नाही. भोर आणि थळ या दोन्ही घाटांतील रेल्वेचा चढ सदतीसास एक इतका आहे. १९३० च्या सुमारास तेथे विजेची इंजिने धावू लागली, तेव्हा त्यांतही मोटरचा जोर दातेरी चाकांतून आणि दांड्यांतून चाकांपर्यंत नेलेला होता. अलीकडचे उदाहरण माथेरानचे. तेथे पर्यटकांना बसवून माणसे हातरिक्षा ओढीत आली. डिसेंबर २०२२ मध्ये तेथे प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा सुरू झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये अमरावतीचे सुपुत्र व तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या नेतृत्वाखालील पीठाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. चढावरील मोटर तापते की नाही, हा प्रश्न केवळ हौशी सायकलस्वारांचा नाही, हे त्यावरून लक्षात यावे. मोटर जो भार उचलत नाही तो शेवटी कोणाच्या तरी खांद्यावर येतो.

वऱ्हाडातील ग्राहकाने काय पाहावे?

बडनेरा, अमरावती, अकोला या पट्ट्यात शहरातल्या शहरात फिरणाऱ्यास साधी हब मोटर पुरेशी आहे. तिला देखभाल कमी लागते आणि पोर्शे यांच्या काळापासून तिचे हेच बलस्थान राहिले आहे. मेळघाटात नित्य ये-जा करणारे शिक्षक, आरोग्यसेवक, दूधवाले आणि टपाल कर्मचारी यांनी मात्र गाडी घेण्यापूर्वी विक्रेत्यास काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. मोटरची सतत चालण्याची क्षमता किती वॉट आहे? जाहिरातीत बहुधा क्षणिक क्षमतेचाच आकडा मोठ्या अक्षरांत असतो आणि तो काही सेकंदांपुरताच खरा असतो. मोटरला गिअर आहे काय? ती तापल्यावर प्रवाह आपोआप कमी करणारी सोय तिच्यात आहे काय? दोन माणसांसह किती चढ चढते? चाकाचा व्यासही महत्त्वाचा आहे. तीच मोटर लहान चाकात अधिक जोर देते.

घाटात गाडी नेताना चढाच्या पायथ्याशी गती घेऊन मगच चढाला लागावे. वेग फार पडू लागला तर मूठ पिळीत न राहता पायडल मारावे, मागील स्वाराला उतरवावे किंवा सरळ थांबून मोटर निवू द्यावी. तापलेल्या मोटरवर पाणी ओतू नये.

बॅटरीची चिंता करणाऱ्यांसाठी एक हिशेब उपयोगी पडेल. परतवाडा ते चिखलदरा या प्रवासात उंचीतील फरक सुमारे सातशे मीटरचा आहे. एकशे नव्वद किलोचे ओझे तेवढ्या उंचीवर न्यायला एका युनिटच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित अधिक ऊर्जा लागते. वाटेतील नुकसान आणि सपाटीवरील खर्च धरून ती दुप्पट-अडीचपट मानली, तरी एक युनिटची बॅटरी हे काम करू शकते. अडते ते मोटरीपाशी. तेवढी ऊर्जा घाटाच्या मोजक्या किलोमीटरांत, वेटोळी न जाळता चाकापर्यंत पोहोचविण्याचे काम १९०० साली सेमरिंगमध्ये जितके अवघड होते, तितकेच ते आजही आहे. बॅटऱ्या हलक्या झाल्या, चुंबक प्रभावी झाले, नियंत्रक हुशार झाले. चिखलदऱ्याच्या घाटाची उंची मात्र तेवढीच राहिली आहे आणि गाडी निवडताना ती आधी मोजलेली बरी.